वरच्या तुकड्यात मेंढरं बसतील

मी, झुंबरबाई सावळेराम थोरात, वय ७४, राहणार खोडद, ता. जुन्नर, स्वतःच्या हाताने लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे आणि मला कुणी धाक घातलेला नाही. तसा माणूस अजून जन्मायचाय. शाळा तिसरीपर्यंत. वेलांटी चुकेल, गट नंबर चुकणार नाही.

१. राहतं घर व कांदा साठवायची बराकी मुलगा सुदर्शन याला.

२. डोरलं सून तेजस्विनीला. भांडली ती तोंडावर भांडली.

३. गट नंबर ३१२ पैकी वरचा तुकडा, तीस गुंठे, माझ्या एकटीच्या नावचा. तोही सुदर्शनला, पण अटीवर. दर उन्हाळ्यात मेंढपाळ ज्योतिबाची मेंढरं लेंडीखतासाठी त्यात पाच रात्री बसवायची, आणि माती तपासल्याशिवाय युरिया टाकायचा नाही. तो म्हणतो, "आई, आता मेंढरं कोण बसवतंय? गोणी फोडली की चार दिसात रान हिरवंगार!" तसलं हिरवंगार मी पाहिलंय.

४. १९९८ साली शेजारच्या ठकूबाईचा कांदा माझ्यापेक्षा गर्द दिसला, म्हणून मी इरेला पेटून तीनदा युरिया फेकला. पात लुसलुशीत झाली, माना अंगठ्याएवढ्या जाड, आणि करपा आधी माझ्याच रानात पडला. आठ दिवसांत वाऱ्याने बांध ओलांडून तिच्यात गेला. मी मात्र गावासमोर ओरडले, "तुझ्याच रानातून आला गं, सटवे!" सात वर्षं बोललो नाही. गेल्या साली शेतकी खात्यात माती तपासली, तेव्हा तिथल्या साहेबाला त्या सालची पात सांगितली. साहेब म्हणाला, "आजी, नत्र भरमसाट, पालाश कमी. असली पात नुसती फुगलेली, तिला रोग लवकर धरतो आणि शेजारीही जातो." म्हणजे करपा माझ्याकडून गेला. लिहिलं. माफी मागत नाही. तिनेही मला चेटकीण म्हटलंय.

५. सुदर्शनने अट मोडली तर वरचा तुकडा ठकूबाईला. होय, तिलाच. बांधाला बांध आहे, करपा आला तर पहिला तिला कळेल, आणि ती गप्प बसणार नाही.

६. माझी राख नदीत टाकू नये, वरच्या तुकड्यात पसरावी. राखेत पालाश असतो, साहेबच म्हणाला.

हे मी कुणाच्याही सांगण्यावरून बदलणार नाही.

खोडद, ११ एप्रिल २००६
सही: झुंबरबाई सावळेराम थोरात

साक्षीदार:
१. ज्योतिबा, मेंढपाळ (अंगठा)
२. ठकूबाई गेणू थोरात. चौथं कलम दोनदा वाचून घेतलं, मग सही केली. चेटकीण म्हणाले नव्हते, कैदाशीण म्हणाले होते.