एकाच काठीने तीन मासे

तीर्थस्वरूप निक्शादादास,

धाकट्या पेरिनाचा नमस्कार. तिकडे त्रिएस्तेत तुझी कंबर, वहिनींचा खोकला आणि तुमचं ते कॉफीचं यंत्र, तिघांच्याही तब्येती बऱ्या असतील अशी आशा करते. इकडे बेटावर आम्ही सगळे ठीक. तुझी नावही अंजिराखाली होती तशीच आहे. रंग तेवढा उडालाय (पण तो तू दर उन्हाळ्यात 'या खेपेला नक्की' म्हणून लावणारच असतोस). सध्या तिच्यात माझ्या कोंबड्या अंडी घालतात, आणि त्यांची काही तक्रार नाही.

पत्रास कारण म्हणजे तू स्वतःच. उन्हाळ्यात येऊन, पोटभर जेवून, तू माझ्या घरात जी काडी टाकून गेलास, तिचं पुढं काय झालं ते तुला कळायलाच हवं. सासूबाई गेल्यापासून त्यांची नाव, मांडालिना, कोणाची यावरून तुझे मेहुणे लोव्रे आणि माझे दीर बार्तुल यांचं बिनसलंय हे तुला ठाऊकच आहे. एकाने पाण्यात ढकलली की दुसरा ओढून काढणार. दोन वर्षं बिचारी धक्क्यावर पालथी पडून होती. शेवटी फादर आंते म्हणाले, संत निकोलाच्या दिवशी देवळापुढे जाळायला यंदा जुनी नाव मिळत नाही, तुमचं ठरत नसेल तर हीच द्या. आणि हे दोघे सख्खे भाऊ (ज्यांचं दोन वर्षांत कशावर म्हणून एकमत झालं नव्हतं) एका सुरात म्हणाले, चालेल, त्याच्या हाती जाण्यापेक्षा जळालेली बरी! दादा, त्याच नावेत बसवून सासूबाईंनी मला माकूल धरायला शिकवलं होतं. नवी नवरी म्हणून या घरात आले तेव्हा माझ्याशी कोणी नीट बोलायचं ते तेवढ्याच जागेत. मी खूप रडले. मग जावेकडे गेले, तर दिन्काही रडत होती. कांदे चिरतेय म्हणाली, पण कांदे कुठं दिसले नाहीत.

तेव्हा तू पैजेचा तोडगा काढलास, त्याबद्दल तुझे आभार. संत मार्टिनच्या दिवशी गळाची एकच काठी घेऊन माकूल, ओराडा आणि लुबिन, हे तिन्ही मासे ज्या घरात येतील त्या घराची नाव, आणि कोणालाच जमलं नाही तर फादरची. इथंच तू गप्प बसला असतास तर? पण नाही. गोड वाइनचा आणखी एक पेला घेतलास आणि म्हणालास, बाजारची तयार काठी हे काय मर्दाचं काम, कोरी काठी निवडा आणि स्वतः बांधा. मग सकाळच्या बोटीने तू पसार.

कोरी काठी म्हणजे मूठ नाही, गळाची दोरी ओवायला कड्या नाहीत, नुसती निमुळती काळी नळी. तिच्याकडे बघून पुढं तिची काठी कशी होईल ते ओळखायचं, म्हणजे बारशालाच जावई पसंत करण्यातला प्रकार. माकुलाचं मांस फाटू नये म्हणून शेंडा मऊ हवा. लुबिन खडकात घुसू नये म्हणून बुंधा खमका हवा. ओराडासाठी आमिष अगदी हलकं, तरी ते लांब जायला हवं. एवढे गुण माझ्या नवऱ्याला एका काठीत हवे होते! (मी त्यांच्यात याच्या निम्मेही शोधले नव्हते आणि तीस वर्षं निभावून नेलं.) दुकानातून नळ्या यायच्या, परत जायच्या. घरात येणारा प्रत्येक पुरुष आधी नळी उचलायचा, छताकडे रोखून गदागदा हलवायचा आणि म्हणायचा, "हं." पोस्टमन म्हणाला हं. गुरांचा डॉक्टर म्हणाला हं. तू लग्नात दिलेलं झुंबर त्या हंमध्येच गेलं. नंतर शेंड्याला मसुराची पिशवी बांधून बाक मोजायचा नाद लागला, आणि अख्खा महिना आमच्याकडे मसूर खाली सांडलेलेच शिजले. पलीकडे बार्तुलकडेही हेच. भिंतीवरून ओरडायचा, "काय रे, काठी आणतोयस का सून?" आणि लगेच घरात जाऊन स्वतःची नळी हलवायचा.

आणि या सगळ्यात बागेतले ऑलिव्ह? ते आम्ही जावा-जावांनी वेचले. वेचता वेचताच कळलं की दोघांची शेवटची नळी एकच आहे. तेच दुकान, तीच लांबी, तोच बाक. आणि तू फोनवर लोव्रेंना सांगितलंस, लुबिनला मऊ पडेल, आणि बार्तुलला सांगितलंस, माकुलाला कडक पडेल! दादा, तू तिकडे नेमकं करतोस तरी काय?

असो. संत मार्टिनच्या आदल्या दिवशी एकदाच्या कड्या दोऱ्याने बांधून झाल्या आणि त्या दोऱ्यावर रोगण चढलं. रोगण ओघळू नये म्हणून काठी सारखी फिरती ठेवावी लागते. तेव्हा तुझ्या मेहुण्यांनी कोकरू भाजायच्या सळईची मोटर काढली आणि न पेटवलेल्या चुलीवर काठी फिरत ठेवली. स्वतः शेजारी बसले, मधूनमधून वास घेत. (बार्तुलकडे मोटर नाही, तो हाताने फिरवत होता.) त्यात सुटला युगो. त्या दमट वाऱ्यात माझी साधी चादर वाळत नाही, तिथं रोगण काय वाळणार? पहाटे दोन्ही काठ्या चिकट. पण कबूल कोण करणार? भिंतीच्या अलीकडून "तू आधी निघ", पलीकडून "नाही, मोठा तू, तू आधी". असं चालत चालत लोव्रे खुर्चीतच झोपले.

मी मोटर बंद केली आणि काठी उचलली. दिन्का वल्ही आणि मासा वर घ्यायचा पाग घेऊन दारात उभीच होती. मांडालिना पाण्यात घातल्याबरोबर फटींतून पाणी यायला लागलं. दिन्का एका हाताने वल्हवत होती, दुसऱ्याने पातेल्याने पाणी उपसत होती आणि तोंडाने दिराचा उद्धार करत होती (म्हणजे माझ्या नवऱ्याचा; मी तिच्या नवऱ्याचा करत होते). उजाडता उजाडता माकूल लागला. शेंडा असा अलगद वाकला की मांस जरासुद्धा फाटलं नाही. मग ओराडा. मग खडकापाशी लुबिन, आणि तो आत घुसायला लागला तसा बुंध्याने त्याला असा धरून ठेवला की मी ओरडलेच. दादा, आता खरं सांगते, पण कोणाला बोलू नकोस. काठी अप्रतिम आहे. ओल्या रोगणात माझी पाचही बोटं कायमची उमटली आहेत.

परतलो तर दोघे भाऊ धक्क्यावर खांद्याला खांदा लावून उभे, आणि पुन्हा एकदा एका सुरात ओरडत होते, या वेळी आमच्या नावाने. फादरनी निवाडा दिला की काठी एका घरची, वल्ही आणि पाग दुसऱ्या घरचे, तेव्हा नाव दोघींची. बंदराच्या कचेरीत आमची नावं लागलीसुद्धा. भाऊ गळ्यात गळे घालून गुत्त्यावर गेले. बायकांबद्दल बोलायला त्यांना आता एकमेकांशिवाय आहे कोण?

वहिनींना नमस्कार, आणि तू फोनवर थोडं कमी बोलत जा.

तुझी,
पेरिना

ता. क. ती काठी लोव्रे मला देत नाहीत. फादरकडून मंतरून घेऊन भिंतीवर टांगली आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पैजेची हकिगत सांगतात (तीत मी नसते). तर मला तशीच एक कोरी काठी हवी. वीतभर आखूड, नाहीतर दिन्काच्या डोक्याला लागते. शेंडा तोच, बुंधा तोच. बांधेन माझी मी. वर 'पडद्याची सळई' असं लिही.

ता. क. २. पार्सलाने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. मांडालिनात तिसऱ्या माणसाला जागा आहे, आणि पाणी उपसायला कोणीतरी लागतंच. शिवाय संत निकोलाला तीन आठवडे उरले आणि फादरना अजून नाव मिळालेली नाही. काल ते अंडी न्यायला आले होते. अंजिराखाली बराच वेळ उभे राहिले, लाकडावर बोटाने टकटक केली आणि म्हणाले, "हं."

कोंबड्या मी दुसरीकडे हलवल्या आहेत.