तू म्हणालीस, हलू नकोस

आई, लांबूनच पाया पडते.

तुला नको होतं ते पोट सपाट करायचं ऑपरेशन नीट झालं. तुझे गुडघे कसे आहेत?

तू लिहिलंस, "अंथरूण सोडू नकोस." रागावू नकोस, पण मी चालते. पडून राहिलं की पायात रक्ताची गुठळी होते, म्हणून नर्स घट्ट मोजे घालून फेऱ्या मारायला लावते.

शेजारच्या खाटेवरच्या मुलीला तिच्या आईने मायेपोटी उठूच दिलं नाही. गुठळी पायातून फुफ्फुसात शिरली आणि पोरगी गेली.

आज ती माउली मुलीचे कपडे न्यायला आली होती. मला कण्हत बसलेली पाहून म्हणाली, "ऊठ बाळा, माझा हात धर." व्हरांड्याच्या टोकाला पोचलो, तरी तिला माझा हात सोडवेना.

तुझीच,
धाकटी