नबी, तू लाव

राजापेठ, अमरावती
१९ सप्टेंबर १९६५

सितारा आपा, सलाम.

मी मजेत आहो. अब्बाले वाचता येऊ नये मनून मुद्दाम मराठीत लिहून राहिलो.

दर शनिवारी संध्याकाळी आमी दोस्त वसंताकडे रेडिओवर नाटक आयकतो. स्टेशन लावायचं काम माहं. मागच्या शनिवारी बटण फिरवताना मधातच पाकिस्तानच्या बातम्या लागल्या. मी झटक्यात काटा पुढे नेला. वसंता हसला, पण उठून खिडकी लावली.

काल वसंतानं सोताच बटण फिरवलं. नाटकभर खरखर होती. तरी कोणी म्हटलं नाही, "नबी, तू लाव."

अम्मीचा खोकला कसा आहे? अब्बाले उर्दू बातम्या हळू आवाजात आयकाले सांगजो. कावून मनून विचारलं, तर अम्मीची झोपमोड होते मनजो.

तुहा भाऊ,
नबी