तात्यांचा नंबर

मु. कळंब, ता. इंदापूर

आदरणीय हिंदुरावदाजी यांना आबासाहेबचा नमस्कार. सुप्याकडं हवापाणी कसं आहे, तुमचा गुडघा आणि अक्काची शुगर कुठपर्यंत आली, ते कळवावे. इकडं आईची तब्येत चांगली आहे. हे सगळं फोनवर का नाही, असं तुम्ही म्हणाल. पण फोनवर मी चार शास्त्रशुद्ध वाक्यं बोललो की तुमची रेंज जाते. (रेंज अशी जात नसते, दाजी. तुमच्या ओट्यावरची मी स्वतः मोजलेली आहे.)

गेला महिनाभर आपली मळ्यातली मोटर आपोआप चालू होत होती. स्टार्टरच्या पेटीत सिमकार्ड असतं. घरातल्या कुणीही त्या नंबरवर रिंग दिली की पेटी फोन कट करते आणि मोटर सुरू होते. इथं कुणीच रिंग देत नव्हतं, तरी नव्या लागणीत घोटाभर पाणी. ऊस पिवळा पडायला लागला. मी दहावी नापास असलो तरी मोबाइलचं शास्त्र स्वतः वाचून शिकलोय, त्यामुळं दोष टॉवरचा, हे पहिल्याच दिवशी ठरवलं.

थोडक्यात सांगतो (पान उलटू नका). आपण शेताचे वाफे करतो, तसे कंपनीनं अख्ख्या मुलखाचे केलेले असतात. खिशात गप्प पडलेला फोनसुद्धा आपण कोणत्या भागात आहोत ते अधूनमधून कळवत असतो. कुणी रिंग दिली की त्या भागातले टॉवर पुकारा करतात, आणि ज्याला बोलावलंय तोच ओ देतो. बारामतीहून इंदापूरला बोलत गेलात तर एक टॉवर तुम्हाला दुसऱ्याच्या हवाली करतो, तुम्हाला पत्ताही लागत नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे नंबर फोनचा नसतो, सिमचा असतो. सिम जिथं, माणूस तिथं, असं कंपनी धरून चालते.

तर मी पेटीचा अँटेना चौदा फूट तीन इंच उंच पाइपावर चढवला. तरी मोटर चालूच. मग बांधाशेजारच्या सिद्धूवर संशय घेतला. तो म्हणाला, “आबासाहेब, रिंग द्यायचीच तर माझ्या मोटरीला दिली नसती व्हय?”

शेवटी अनिता भाकरी थापता थापता म्हणाली, “आत्याबाई रोज साडेतीनला मामंजींना फोन लावत्यात. तुमास्नी म्हाईत न्हाय?”

तात्यांना जाऊन आठ महिने झाले. महिन्याभरापूर्वी पेटी बसवली, तेव्हा त्यांचं सिम तिच्यात मीच घातलं होतं. (दहा वर्षांचा नंबर, बंद कशाला पाडायचा?) घरातले सगळे नंबर पेटीत नोंदवले तेही मीच, त्यात आईचाही होता. पेटी घेण्याआधी तीन कंपन्यांची माहितीपत्रकं ओळ न ओळ वाचली होती. हे एकातही नव्हतं.

आईला विचारलं, तर ती जराही ओशाळली नाही. “मला समदं कळतंय, याड न्हाय लागलं,” म्हणाली. “दोन रिंगा हुत्यात आन् कट करत्यात. जित्तेपणी बी असंच करायचे. मळ्यात हायेत, एवढं कळलं की बास.”

पेटीचं मी तिला सांगितलं नाही. (मी, ज्यानं अर्ध्या कळंबला टॉवर समजावून सांगितलाय.) काल पेटीत नवं सिम घातलं. लागण वाचेल.

तुमचा,
आबासाहेब

ता. क. सोबतच्या डब्यात लोणचं नाही. तात्यांचा बटणांचा फोन आहे, त्यांच्या सिमसकट. घरात ठेवला तर वाजलेला आईला ऐकू येईल, म्हणून तुमच्याकडं ठेवा. रोज साडेतीनला दुसरी रिंग झाली की कट करायचा. पहिलीला नाही, तिसरीला नाही. उचलायचा तर मुळीच नाही. चार्जिंग मंगळवारी आणि शनिवारी. रिचार्ज मी बघतो.

आणखी एक. कधी संध्याकाळी सहाच्या सुमारास दुसरा फोन येईल. नंबर ओळखीचा दिसेल. कुणाला बोलू नका, अक्कालासुद्धा. तो मात्र कट करू नका. पूर्ण वाजू द्या.