चाळीस वॅटच्या दिव्याबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
'उजळणी-सोबती' शिकवणी ॲप,
बेंगळुरू.

विषय : कु. अक्षरा हिचे उत्तर बरोबर होते, असे तिला लेखी कळवण्याबाबत.
संदर्भ : आपले दि. ९ जूनचे नकाराचे पत्र.

महोदय,

अर्जदार कृष्णात हणमंतराव मोहिते याचे बेंगळुरूतच, शिवाजीनगरात, मोटार रिवायंडिंगचे दुकान आहे. तक्रार कोणत्याही भाषेत चालेल असे आपणच छापले आहे, म्हणून घरच्या भाषेत लिहीत आहे.

१. अर्जदाराची मुलगी अक्षरा, इयत्ता आठवी, हिने आपल्या ॲपला विचारले की चाळीस आणि शंभर वॅटचे दिवे सीरीजमध्ये, म्हणजे एकाच वायरीत एकामागे एक जोडले, तर कोणता जास्त उजळेल. ॲपने सांगितले, शंभरचा. पोर म्हणाली, छे, चाळीसचा, अण्णांच्या दुकानातल्या टेस्टिंग बोर्डावर रोज बघते मी. अर्जदारही वीस वर्षे तेच बघतो आहे. तरीही त्याने तिलाच झापले की दहावी नापास बापाच्या बोर्डापेक्षा यंत्राला जास्त कळते. कुठून ही बुद्धी सुचली, देव जाणे!

२. निवासी विज्ञान शाळेच्या प्रवेश परीक्षेत नेमका हाच प्रश्न आला. पोरीने बापाचे ऐकून 'शंभर' लिहिले. प्रवेश एका गुणाने हुकला.

३. आपण कळवता की पडद्याच्या तळाशी 'उत्तरे चुकू शकतात, पडताळून पाहावीत' असे लिहिले आहे आणि अर्जदाराने अटी मान्य केल्या आहेत. सरी, कबूल, केल्या. ग्रीस लागलेल्या अंगठ्याने, न वाचता केल्या. पण पडताळणारी घरातच होती, साहेब. तिचे तोंड अर्जदाराने बंद केले.

४. निकाल लागला त्या दिवशी तिने दुकानात दोन्ही दिवे जोडून बटण दाबले. चाळीसचा लख्ख पेटला. बटण बंद करून ती घरी निघून गेली. तेव्हापासून तिने दुकानाची पायरी चढलेली नाही. दिवसातून दहादा 'अण्णा, हे असं का?' विचारणारी पोर आता काहीच विचारत नाही. 'बाळ, दूध गरम आहे' म्हटले, तरी आधी बोट लावून बघते. काळीज तुटते हो.

नुकसानभरपाई नको. तिच्या नावे दोन ओळींचे पत्र हवे. तसे पत्र म्हणजे चूक कबूल केल्यासारखे होईल, असे आपले वकील म्हणतात. अर्जदाराने स्वतःची कबुली लिहून तिच्या कंपासपेटीत ठेवली होती. 'तुझंच बरोबर होतं, बाळ,' एवढेच. दुसऱ्या दिवशी तो कागद अर्जदाराच्या जेवणाच्या डब्यात परत आला. खाली पेन्सिलीने एक ओळ होती : 'अण्णा, हे ॲपला विचारलंत का?'

म्हणून आपल्याला विचारत आहे.

उत्तराची वाट पाहणारा,
अक्षराचा बाप
(कृष्णात हणमंतराव मोहिते)
दि. २३ जून २०२५

सोबत : दिवे दोन, चाळीस व शंभर वॅट. दोन्ही चालू आहेत. पडताळून पाहावेत.