आबांची फटफटी आणि सुगराबीचं तेल

पेण, ४ ऑगस्ट १९९६

प्रिय सरूताईस जगनचा शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहायचं लिहायचं म्हणून दोन महिने एक पोस्टकार्ड खिशात घेऊन हिंडलो. ते भिजलं, वाळलं, शेवटी बाबाजींनी त्यावर ब्रश पुसला. म्हणून आता हा वहीचा कागद. त्यांच्या गणपतीच्या कारखान्यात हंगाम जोरात आहे असं निमित्त सांगणार होतो, पण खरं म्हणजे कंटाळा केला.

आणि आता लिहितोय ते दुखतंय म्हणून. मान आणि उजवा खांदा. दिवाळीत आबांनी फटफटी दिली तेव्हापासून हळूहळू सुरू झालंय. ऑर्डरी घ्यायला निघालो की रामवाडीपर्यंत बरं असतं. नागोठण्यापर्यंत खांद्यात कुणी सळई फिरवतंय असं वाटतं. परत येईस्तोवर मान अशी धरते की मागून ट्रक आला तर अख्खा वळून बघावं लागतं. घुबडाची चैन आहे त्यापेक्षा.

डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि उशी बदल म्हणाला. मी प्लास्टरच्या गोणीवर झोपतो, ती काय बदलणार? मग डोलवीकडच्या हाडवैद्यानं पाठीत गुडघा देऊन मान अशी मोडली की आवाजानं त्याच्या कोंबड्या उडाल्या. नवी मान बसली म्हणाला. ती दोन दिवस टिकली. मग मानेला पट्टा घातला, तर नाक्यावरचे रिक्षावाले मला साहेब म्हणायला लागले, कारण मान खाली होत नाय आणि लोकांना तो तोरा वाटतो. डोलवीवरून आठवलं, तिथल्या कंपनीतल्या कंत्राटी पोरांना हेल्मेट घातलेला गणपती हवाय. बाबाजी म्हणाले, देवाला पण शिफ्ट लावणार का. पण ते असू दे.

आबांना यातलं काही सांगू नको. शिमग्याला मी त्यांच्या वाकड्या मानेची नक्कल करायचो, सगळी आळी हसायची, तूसुद्धा. आता माझी मान त्याच बाजूला कलते. पण त्यांचं निम्मं तरी नाटक होतं असं मी अजून म्हणतो. पन्नाशीत थोडं दुखलं तर माणसानं एवढं कण्हू नये.

आईला नमस्कार. लोभ आहे तसा राहू दे, वाढला तर पोह्यांबरोबर पाठव.

तुझा,
जगन

---

रोहा, ९ ऑगस्ट १९९६

चि. जगनला सरूचे अनेक आशीर्वाद.

दोन महिन्यांनी पत्र आलं, त्यात आमची चौकशी एका ओळीची आणि तुझ्या मानेचं पुराण पानभर. आबांना सांगू नको म्हणालास, पण मी पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखवत होते, त्यामुळे संध्याकाळी ते आबांपर्यंत गेलंच. ते हसले नाहीत. कुठल्या बाजूला दुखतं, एवढंच विचारलं.

त्यांची मान आता अगदी सरळ आहे. शेजारच्या सुगराबीच्या तमीमनं बहरीनहून तेल आणलं होतं, ते दिवाळीनंतर लावायला लागले आणि दोन महिन्यांत फरक पडला. त्या बाटलीची पूजा करायची तेवढी बाकी आहे. अर्धं तेल तुला पाठवते आहे. हाडवैद्याच्या कोंबड्यांना लावू नकोस.

खरी गोष्ट वेगळीच आहे. डॉक्टरांनी आबांना बजावलंय की फटफटीवर पुन्हा बसलात तर मान परत धरेल. गुरांच्या दवाखान्यातल्या पट्टीबंधकाला गावोगाव जाऊन मलमपट्टी करायची असते, आणि जखमी जनावर एस्टीची वाट बघत नाही. मागल्या महिन्यात गाडी चुकली आणि आबा पोचायच्या आत एका बाईची गाभण म्हैस गेली. त्या बाईनं दोष द्यायचा सोडून आबांना पाणी दिलं. तेव्हापासून ते धड जेवत नाहीत. ज्याला वेळेवर पोचता येत नाही त्यानं सरकारी पगार खाऊ नये म्हणतात. ३१ तारखेला राजीनामा देणार आहेत. अर्ज माझ्याकडूनच लिहून घेतला, सही तेवढी राहिली आहे.

एवढ्या गावांतले बैल ज्या फटफटीचा आवाज ओळखायचे, तो आवाज तू आता रिक्षावाल्यांना ऐकवतोस. नाटक कोणाचं, ते तूच ठरव.

आईचा आशीर्वाद आहे. माझा राग आणि माया दोन्ही आहेत, तुला पेलेल ते घे.

तुझी ताई,
सरू

---

पेण, १७ ऑगस्ट १९९६

सरूताईस जगनचा शि. सा. न. वि. वि.

तेल मिळालं. पाच दिवस चोळलं. अंगाला अत्तराच्या दुकानासारखा वास येतो, मान होती तिथंच आहे.

आता नीट वाच, आणि या वेळी मोठ्यानं वाचू नको.

आमच्याकडं मालूबाई आहे, ती गणपतीचे डोळे आखते. मूर्ती केसभर कललेली असली तरी तिला दिसतं, आणि दिसलं की ती करणाऱ्याचं खानदान काढते. परवा मी गाडीवरून आलो तसा तिनं ब्रश थांबवला. उतर म्हणाली. उतरलो. म्हणाली, आता सरळ हायस. परत बसायला लावलं. म्हणाली, आता वाकडा. मग एक डोळा मिटून गाडीच्या पुढ्यात उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली की मान तुझी नाय वाकडी, या डबड्याची हाय, आणि त्यावर बसणारा आंधळा हाय.

नाक्यावरच्या ताजुद्दीनचाचांकडं गाडी नेली. हे आमचे मिस्त्री. त्यांनी सीटच्या मधोमध दोरी धरून दोन्ही मुठींपर्यंत मोजली. उजवी मूठ डावीपेक्षा दोन बोटं पुढं आणि बोटभर खाली निघाली. त्यावर जो बसेल त्याचा उजवा खांदा ओढला जाणारच. म्हणाले, मार जुना आहे, आणि कुणीतरी हँडल झाडाबिडात अडकवून ओढून सरळ केलंय. ज्या गाढवानं केलं त्याला एकदा माझ्यासमोर आणा, असं पण म्हणाले. मी समोरच उभा होतो.

ताई, पाच वर्षांपूर्वी आबा लग्नाला गेले होते तेव्हा मी आणि आळीतल्या शिवानं गाडी गुपचूप काढली. नागोठण्याच्या पुलाअलीकडं पडलो. हँडल चिंचेच्या बेचक्यात घालून दोघांनी ओढलं. शिवा म्हणाला, दिसत नाय ना, मग झालं. मलाही झालं असंच वाटलं. पुढल्या पावसाळ्यात आबांची मान धरली, आणि शिमग्याला मी तिची नक्कल केली.

तेलानं काही झालेलं नाय. आबा दिवाळीपासून गाडीवर बसलेच नाहीत, म्हणून मान सरळ झाली. हँडल बदललं की ते खुशाल बसतील. राजीनाम्याची काही गरज नाय. हे तू त्यांना सांग. तू सांगितलंस की ते ऐकून घेतात, मी सांगितलं की माझ्याकडं नुसते बघत राहतात. ते बघणं मला नको.

एवढं कर. पुढं तू म्हणशील ते ऐकेन.

तुझा,
जगन

---

रोहा, २१ ऑगस्ट १९९६

चि. जगनला आशीर्वाद.

मी सांगणार नाही. हँडल झाडात घालताना मला विचारलं होतंस का?

चार वर्षं माणूस मान धरून गावं हिंडला आणि आपलं वय झालं असं समजत राहिला. त्याला हे पत्रातून कळायचं, तेही तुझ्या बहिणीच्या तोंडून? मीही त्या नकलेला हसले होते. ते माझं मी त्यांच्याशी बोलेन. तुझं तू बोल.

एकतीसच्या सकाळपर्यंत वाट बघेन. आला नाहीस तर मी सांगेन, त्यांची सही होऊ देणार नाही. पण मग ते जन्मभर मी सांगितलेलं राहील. अठ्ठावीसला राखी आहे. ती यंदा पोस्टानं येणार नाही.

जास्त लिहीत नाही. माया कमी झालेली नाही, पण आज ती कागदावर उतरत नाही.

सरू

---

पेण, २५ ऑगस्ट १९९६, रविवार

सरूताईस जगनचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळून दोन दिवस झाले. उत्तराला उशीर केला नाय, आबांना लिहीत होतो. तीन पत्रं लिहिली आणि फाडली. पहिल्यात गाडी आपोआप पडली होती. दुसऱ्यात शिवानं पाडली. तिसऱ्यात मी सगळा दोष चिंचेला दिला. मालूबाईनं एक तुकडा उचलून वाचला आणि म्हणाली, बिघडलेल्या मूर्तीला पण एवढा रंग फासत नाय कोणी.

ताजुद्दीनचाचांनी नवं हँडल बसवलं. काल नागोठण्याला जाऊन आलो. येताना आंबा नदीचं पाणी बघायला पुलावर थांबलो, डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, मान नुसती फिरली. मला आनंद व्हायला पाहिजे होता. खांदा दुखत होता तेव्हा बरं होतं, निदान मी पण भोगतोय असं म्हणता येत होतं.

उद्या निघतो. परवापण मनाशी उद्याच म्हणालो होतो, हे मला माहीत आहे. गाडी घेऊन रोह्याला येतो, चावी आबांच्या हातात देतो आणि मग

थांब. मालूबाईनं बाहेरून हाक मारली, दारात कुणी आलंय म्हणून. मी खिडकीतून बघितलं.

आबा आलेत. एकटेच. दोन एस्ट्या बदलून आले असणार, धोतराला चिखल आहे. मान सरळ. फटफटीपासून चार हात लांब उभे आहेत, जशी ती लाथ मारेल. हातात पेपरात गुंडाळलेली बाटली आहे. मालूबाईला विचारतायत की जगनचा उजवाच खांदा दुखतो ना, आणि पहिलं तेल पुरलं नसेल म्हणून राहिलेलं पण आणलंय. रात्री कोमट करून लावायचं, हे तिला समजावून सांगतायत.

चावी माझ्या हातात आहे. पत्र इथंच सोडतो. यानंतर जो जगन उरेल त्याच्यावर लोभ ठेव.

तुझा,
जगन