टेबलाखालचा बॉम्ब आणि गॅसवरचं दूध

धाकटे,

सगळ्यात आधी आला तो दिवेवाला. खांद्यावर वायरींचं भेंडोळं, हातात काठीवर बसवलेला छत्रीएवढा दिवा, आणि दारातच विचारतो, आजी, स्वयंपाकघर कुठंय? (तुला आशीर्वाद द्यायचे राहिले, ते इथे घे. गुडघा कसा आहे? तेल लावतेस ना, की बाटली नुसती खिडकीत शोभेला? आम्ही सगळे मजेत.) त्याच्यामागून कॅमेरावाला, मग टोपी घातलेला दिग्दर्शक, आणि शेवटी आपली नात. ती या सिनेमावाल्यांकडेच कामाला लागली आहे. त्यांनी घेतलेले तुकडे लॅपटॉपवर जोडत बसते. मारामारीच्या सिनेमासाठी त्यांना एक खरंखुरं, राहतं स्वयंपाकघर हवं होतं, तेव्हा तिने माझं सुचवलं. स्वयंपाकघराबरोबर एक म्हातारीही हवी होती. तीही घरातच होती.

माझं काम एवढंच. खलनायक घरात शिरतो, जेवणाच्या टेबलाखाली घड्याळ लावलेला बॉम्ब ठेवतो, म्हातारी ते बघते, किंचाळते आणि कोपऱ्यात अंग चोरून बसते. मग नायक येऊन सगळ्यांना वाचवतो. मी आदल्या दिवशीच जिन्यावरच्या सगळ्या बायकांना सांगून ठेवलं होतं की मी सिनेमात आहे. (खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईला तर दोनदा. पहिल्यांदा तिने हवं तसं तोंड पाडलं नव्हतं.)

आता गंमत ऐक. नायकाची पाळी आली तर कॅमेरावाला माझ्या फरशीवर सरळ पालथा झोपला. मी म्हटलं, अरे, चटई देते, गार लागेल. तर म्हणाला, खालून घेतलं की माणूस डोंगराएवढा दिसतो. प्रत्यक्षात नायक जेमतेम माझ्या कानापर्यंत येतो गं! शिवाय खिडकीतून उडी मारायला तसलेच कपडे घातलेला दुसराच माणूस, आमचा नायक तोवर पंख्यासमोर बसून केस सांभाळत होता. मग माझी पाळी, तर हाच कॅमेरावाला स्टुलावर चढला. का रे बाबा? तर वरून घेतलं की माणूस बापुडवाणं दिसतं. मी म्हटलं, मग मलाही खालूनच घे, फरशी पुसलेली आहे. दिग्दर्शक हसला आणि म्हणाला, आजी, तुम्ही बिचाऱ्या दिसला नाहीत तर लोक नायकासाठी टाळ्या कशाला वाजवतील? माझी ठेवणीतली शाल काढून मला विटकी शाल दिली ती वेगळीच.

आणि खलनायक! काळे कपडे, हनुवटीखालून हिरवट दिवा (तसा लावला तर तूसुद्धा राक्षसीण दिसशील, आरशासमोर करून बघ), गालावर रबराचा व्रण. माणूस मात्र लोण्यासारखा. बूट दाराबाहेर काढून आला, घशासाठी कोमट पाणी मागितलं आणि पेला स्वतः विसळून ठेवला. (आपल्याकडच्या एका तरी पुरुषाने ठेवलाय?) मी विचारलं, गालाला हे काय चिकटवलंयस? म्हणाला, आजी, माझ्या भुवया जाड, डोळे बारीक, म्हणून मला कायम वाईट माणूसच करतात. त्यातून व्रण नसला तर लोकांना वाटतं मी नायकाचा भाऊ. गॅसच्या धगीने तो व्रण सुटायला लागला तेव्हा मीच अंगठ्याने दाबून नीट बसवला.

आता तूच सांग, ज्याचा व्रण मी माझ्या हाताने चिकटवला त्याला बघून किंचाळू कशी? तोंड उघडलं की खोकला यायचा. एकदा तर हसूच आलं. दिग्दर्शकाने टोपी मागे सारून डोकं खाजवलं आणि नातीला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, म्हातारी काढून टाकू, नुसतं रिकामं स्वयंपाकघर दाखवू. (मला ऐकू येत नाही असा सगळ्यांचा समज आहे, तो मी मोडत नाही.) माझं टेबल सिनेमात, माझा गॅस सिनेमात, माझी सांडशी सिनेमात, आणि मी तेवढी नाही! शिंपीणबाईला काय तोंड दाखवू?

शेवटचं एकदा करून बघू म्हणाले. घर राहतं वाटावं म्हणून त्यांनी गॅसवर दूध ठेवायला लावलं होतं. खलनायक टेबलाखाली वाकला, घड्याळ टिकटिक करायला लागलं, मी कोपऱ्यात उभी. आणि दूध वर यायला लागलं. आधी साय थरथरली, मग कडेने फेस आला. धाकटे, तुला माहीत आहे, जन्मात माझं दूध उतू गेलेलं नाही. खलनायक कुठला आणि बॉम्ब कुठला! माझे डोळे त्या पातेल्यावर. फेस काठाशी आला तशी मी तरातरा निघाले, वाटेत खलनायक, त्याला खांद्याला धरून म्हटलं, "सरक रे मेल्या!" आणि गॅस बंद केला. तो बिचारा "सॉरी आजी" म्हणून बॉम्बसकट खरंच सरकला.

म्हटलं, आता बोलणी बसणार. तर दिग्दर्शकाने टोपी उडवली ती थेट कपाटावर. (अजून तिथेच आहे.) नातीने तिथल्या तिथे तुकडे जोडून दाखवले. माझे डोळे, दूध, बॉम्बचं घड्याळ, परत दूध, परत डोळे. आधी लांब लांब तुकडे, मग आखूड, मग आणखी आखूड, आपण कच्च्या शिवणीचे लांब टाके घालता घालता काठाशी बारीक घालायला लागतो ना, तसे. बाकीचे सगळे आवाज काढून टाकलेले, नुसती टिकटिक. अगं, दूध माझं, गॅस बंद केला मी, तरी माझाच जीव वर-खाली! दिग्दर्शक म्हणाला, आजी, बॉम्ब कुणाच्या घरी नसतो, दूध सगळ्यांच्या घरी असतं. आणि सगळ्यात छान म्हणजे, मी निघाले तेव्हा कॅमेरावाला गडबडीत स्टुलावरून उतरून गुडघ्यावर बसला होता, म्हणून मी खालून दिसते! नायकापेक्षा वीतभर उंच, आणि खलनायक माझ्यापुढे कोकरू. आता म्हातारी कोपऱ्यात बसतच नाही, अशी गोष्टच बदलली. ठेवणीतली शाल मी पुढच्या वेळी घालणार होते, पण त्यांना ती विटकीच लागणार म्हणे, तेवढं सोसते.

मी फार सुखात आहे. घरच्यांना आशीर्वाद सांग, आणि गुडघ्याला तेल लाव.

तुझी ताई

ता. क. किंकाळी मात्र त्यांना हवीच आहे. चेहरा नको, नुसता आवाज, शेजारच्या बाईने खिडकीतून बॉम्ब बघितला असं दाखवणार आहेत. मी लगेच तुझं नाव सांगितलं. माझ्या लग्नात पाल बघून तू किंचाळलीस तेव्हा बँडवाले वाजवायचे थांबले होते, हेही सांगितलं. तेव्हा ये.

आणखी एक ता. क. येताना तुझं दुधाचं पातेलं आण. आईने एकाच दुकानातून दोघींना सारखी घेतली होती, तेच. त्यांना दूध वर येताना आणखी जवळून घ्यायचंय आणि पातेलं हुबेहूब तेच दिसायला हवं, नाहीतर माझा सगळा तुकडा जाईल. माझ्या पातेल्याचं असं झालं की लॅपटॉपवर मी स्वतःला दूध वाचवताना परत परत बघत होते, आणि गॅसवर मंडळींच्या चहाचं दूध होतं. ते उतू गेलं, आटलं, आणि तळाचा कोळसा झाला. वास आधी खलनायकालाच आला. (हे कुठे बोलू नकोस, शिंपीणबाईपर्यंत तर मुळीच जाता कामा नये.) तुला यायला जमलं नाही तर किंकाळीचं आम्ही बघून घेऊ, पातेलं मात्र पाठवच. मंडळी मंगळवारी सकाळी परत येतो म्हणाली आहेत.